प्रत्यारोपणानंतरचा रंग : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
ठाणे महानगरपालिका आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय : अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या, रंगद्रव्याचे विकार असलेल्या रुग्णांच्या त्वचेची देखभाल

महोदय,

अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले बोन मॅरो ट्रान्सप्लांट, झालेल्या रुग्णाच्या शरीरात काही बिनसू लागले की पुष्कळदा ते सर्वांत आधी कातडीवर उमटते. तळहात खाजू लागतात, कानांची पाळी काळवंडते, मानेवर बारीक पुरळ येते. ज्याच्या त्वचेचा रंग आधीपासूनच वेगळा आहे, त्याच्या अंगावर मात्र ही खूण सहज वाचता येत नाही. कोड असलेला तरुण, जन्मतः गोरटेला आणि चांदीसारख्या केसांचा मुलगा, अंगभर कॉफीच्या रंगाचे डाग असलेली मुलगी, या तिघांच्याही त्वचेवर प्रत्यारोपणानंतरचा एकच आजार तीन वेगळ्या रूपांत दिसतो. प्रत्यारोपण मोठ्या केंद्रात होते, पण ही पहिली खूण पाहणारा डॉक्टर बहुतेक वेळा कल्याण, डोंबिवली, कळवा किंवा मुंब्र्यातल्या घराजवळच्या दवाखान्यात बसलेला असतो. म्हणून हा विषय महापालिकांच्या आरोग्य विभागांचाही आहे.

भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आज टाटाचे प्रत्यारोपण केंद्र खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात लहान मुलांसाठी सोय आहे, तर बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेने थॅलेसेमियाच्या मुलांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कित्येक कुटुंबांची वाट या केंद्रांकडे जाते आणि त्याला कारणही आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित वसले आणि त्याचे उल्हासनगर झाले. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आढळतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना सुरू आहे. तीत पात्र रुग्णाला दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यामुळे पूर्वी ज्यांना हे उपचार परवडणारे नव्हते, अशा घरांतली मुलेही प्रत्यारोपण होऊन लोकलने घरी परत येऊ लागली आहेत.

या रुग्णांची त्वचा समजून घ्यायची तर रंग येतो कुठून, तेथून सुरुवात करावी लागते. त्वचेला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिन मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी तयार करतात. गर्भात या पेशी मज्जासंस्थेच्या कडेला असलेल्या पेशींच्या पट्ट्यातून निघून त्वचेत येतात. अस्थिमज्जेशी त्यांचे नाते नाही. अस्थिमज्जा रक्त घडवते आणि रोगप्रतिकारक पेशी घडवते. दात्याची मज्जा रुजली की रुग्णाचे रक्त आणि प्रतिकारशक्ती दात्याची होते, पण रंगपेशी रुग्णाच्याच राहतात. पुढची जवळपास प्रत्येक गुंतागुंत या एका गोष्टीतून उलगडते. प्रत्यारोपणाने रंगाचा जन्मजात दोष दुरुस्त होत नाही, कारण दोषी पेशी बदललेल्याच नसतात. आणि त्या रुग्णाच्याच असल्यामुळे दात्याच्या प्रतिकारक पेशी त्यांना परक्या मानून त्यांच्यावर हल्ला करू शकतात.

रंगद्रव्याचे विकार आणि प्रत्यारोपण यांची गाठ तीन तऱ्हेने पडते. पहिल्या गटात असे जन्मजात आजार येतात, ज्यांत एकाच जनुकातल्या बिघाडाने रंगही फिका होतो आणि प्रतिकारशक्तीही कोलमडते. चेडियाक-हिगाशी सिंड्रोम आणि ग्रिसेली सिंड्रोमचा दुसरा प्रकार ही त्यांतली मुख्य नावे. ग्रिसेलीचे वर्णन १९७८ साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी केले. त्याच्या दुसऱ्या प्रकारात आरएबी२७ए हे जनुक बिघडलेले असते. रंगपेशीत मेलॅनिन तयार होते, पण ते पेशीच्या टोकापर्यंत पोहोचून शेजारच्या पेशींना मिळत नाही. त्याच जनुकाच्या बिघाडाने मारक पेशींनाही आपले विषारी कण बाहेर सोडता येत नाहीत. मग एखाद्या साध्या विषाणूच्या निमित्ताने मुलाला न उतरणारा ताप येतो, यकृत आणि प्लीहा वाढतात, रक्तातल्या पेशींची संख्या झपाट्याने घसरते. प्रत्यारोपण झाले नाही तर बहुतेक मुले लहानपणीच दगावतात.

या आजारांचा पहिला सुगावा लागायला महागडे यंत्र लागत नाही. मुलाच्या डोक्यावरचा एक केस काचपट्टीवर ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निरोगी केसात रंग एकसारखा पसरलेला दिसतो. ग्रिसेलीच्या केसात मात्र मधल्या भागात रंगाचे मोठे, वेडेवाकडे गोळे साचलेले दिसतात. चेडियाक-हिगाशीत ते गोळे लहान आणि सारख्या अंतरावर असतात. शिवाय त्या आजारात रक्ताच्या साध्या स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या आत मोठमोठे दाणे उठून दिसतात. हे दोन्ही तपास कल्याण-डोंबिवलीतल्या कोणत्याही चांगल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होऊ शकतात. हे आजार आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आल्याशिवाय होत नाहीत. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत त्यांची शक्यता वाढते. घरात एक मूल आजारी असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला धोका चारात एक असतो.

प्रत्यारोपण यशस्वी झाले की या मुलांचा ताप थांबतो आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग आटोक्यात येतात. केस मात्र चांदीसारखेच राहतात, कातडीही फिकीच राहते. आजार बरा झाला तर रंग का आला नाही, असा प्रश्न घरच्यांना पडतो आणि तो स्वाभाविक आहे. हे प्रत्यारोपणाचे अपयश नव्हे, हे त्यांना आधीच सांगितले पाहिजे. चेडियाक-हिगाशीत आणखी एक काळजी उरते. प्रत्यारोपणाने रक्त सुधारले तरी मोठेपणी चालण्याबोलण्यावर परिणाम करणारा मेंदू आणि मज्जातंतूंचा ऱ्हास त्याने थांबतोच असे नाही.

दुसऱ्या गटात मज्जा निकामी करणारे वारशाचे आजार आहेत. फॅन्कोनी ॲनिमियाचे वर्णन स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्विदो फॅन्कोनी यांनी १९२७ साली केले. या मुलांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, काही भाग गडद तर काही फिके असतात, अंगठ्यात व्यंग असू शकते, उंची कमी राहते. त्यांच्या पेशींना डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारावर काम होते. डिस्केराटोसिस कन्जेनिटा हा दुसरा आजार. त्यात मानेवर आणि छातीवर जाळीसारखा काळपटपणा येतो, नखे झिजतात आणि तोंडात पांढरे चट्टे पडतात. या दोन्ही आजारांत प्रत्यारोपणापूर्वीची औषधे नेहमीच्या मात्रेत दिली तर शरीराला सोसत नाहीत, म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते.

तिसऱ्या गटातल्या रुग्णांना कोड किंवा जन्मजात पांढरेपण आधीपासून असते आणि प्रत्यारोपण रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया किंवा ॲप्लास्टिक ॲनिमियासाठी होते. जगात साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना कोड असते, तेव्हा अशा रुग्णांची गाठ पडणे दुर्मीळ नाही. कोडाच्या रुग्णांत जखम, घासणे किंवा खेचणे झालेल्या जागी नवा पांढरा डाग उमटू शकतो. छातीतली सेंट्रल लाइन, रोज बदलली जाणारी चिकटपट्टी, ईसीजीचे स्टिकर हे सगळे त्याला निमित्त ठरू शकतात. म्हणून कोड असलेल्या रुग्णाची चिकटपट्टी ओढून न काढता भिजवून, सावकाश सोडवणे श्रेयस्कर. दात्याला कोड असेल तर मज्जेबरोबर रंगपेशींवर उलटणाऱ्या प्रतिकारक पेशीही येऊ शकतात. प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या अंगावर नव्याने कोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. उलट, आधीचे कोड प्रत्यारोपणानंतर भरून आल्याच्याही नोंदी आहेत.

गुंतागुंती वेळेच्या क्रमाने पाहिल्या तर पहिली येते ती मज्जा देण्याच्या आधीच. जुनी मज्जा मोकळी करण्यासाठी जी औषधे देतात, त्यांतल्या बुसल्फानने सगळे अंग सावळे होऊ शकते. थायोटेपा घामातून बाहेर पडते आणि काखेत, जांघेत, चिकटपट्टीखाली साचून कातडी काळी करते, सोलते. म्हणून हे औषध चालू असताना वॉर्डात मुलाला दिवसातून अनेकदा साध्या पाण्याने आंघोळ घालतात, अंगावर क्रीम लावत नाहीत, पट्ट्या वारंवार बदलतात आणि चादरी-कपडेही बदलतात. आंघोळीनंतर अंग चोळून न पुसता टिपून घेतात. घरी परतलेल्या मुलाच्या मानेवरचा काळेपणा पाहून शेजारच्या बायका हळहळतात, पण हा रंग काही महिन्यांत उतरतो. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगावर वर्षानुवर्षे रक्त चढवल्यामुळे साचलेल्या लोहाची करडी छटा आधीच असते. ती प्रत्यारोपणाने लगेच जात नाही. पुढे शरीरातून थोडे थोडे रक्त काढून लोह कमी केले जाते, तसतशी ती निवळते. दात्याच्या पेशींच्या हल्ल्यापासून बचाव करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनने चेहऱ्यावर आणि पाठीवर लव वाढते. औषध बंद झाल्यावर तीही ओसरते.

यानंतर येते खरी काळजीची गोष्ट : ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, वॉर्डात सगळे म्हणतात तसा जीव्हीएचडी. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तो हा आजार. त्याचे तीव्र रूप बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसते. पुरळ तळहात, तळपाय, कान, गाल आणि मानेपासून सुरू होते, सोबत जुलाब किंवा कावीळ असू शकते. पाठ्यपुस्तकांत हे पुरळ लाल असल्याचे वर्णन आहे, कारण ती वर्णने बहुतांशी गोऱ्या कातडीची आहेत. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर तीच लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळसर दिसते. पुरळ अंगाच्या किती टक्के भागावर आहे यावर आजाराचा टप्पा ठरतो : पाव अंगापेक्षा कमी, पाव ते अर्धे आणि अर्ध्याहून जास्त. सर्वांत गंभीर टप्प्यात फोड येतात. लाली न दिसल्याने टक्का कमी मोजला गेला तर उपचारही कमी पडतात.

कोड असलेल्या रुग्णात येथे एक उपयोगी गोष्ट घडते. एकच पुरळ त्याच्या अंगावर दोन रंगांत दिसते : पांढऱ्या डागावर गुलाबी, तर शेजारच्या कातडीवर काळपट. म्हणून अशा रुग्णाला तपासताना डॉक्टरची नजर आधी पांढऱ्या डागांवर जावी, तेथे लाली लपत नाही. ज्यांना कोड नाही त्यांच्या बाबतीत बोटांवर विसंबावे. कातडी गरम लागते का, खरबरीत लागते का, दाबल्यावर दुखते का, हे पाहावे. तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी, ट्यूबलाइटखाली नव्हे.

जीव्हीएचडीचे दीर्घकालीन रूप काही महिन्यांनी किंवा वर्षानंतर सुरू होते, तेव्हा मूल पुन्हा शाळेत जाऊ लागलेले असते. त्याच्या निदानाचे निकष अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००५ साली मांडले आणि २०१४ साली सुधारले. त्वचेवर जांभळट, चपटे उंचवटे येतात, कुठे कातडी पातळ होऊन ठिपकेदार, काळी-पांढरी होते, कुठे घट्ट आणि लाकडासारखी कडक होते. कडक झालेली कातडी सांध्यांवर असेल तर हात पूर्ण उघडत नाही. दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडायला सांगितले आणि त्यांत फट राहिली तर तो साधा पण महत्त्वाचा इशारा आहे. रंग पूर्ण उडून पांढरे डाग पडणे हेही या निकषांत येते, मात्र तेवढ्यावरून निदान पक्के होत नाही. म्हणून पांढरा डाग दिसला की डोळे कोरडे आहेत का, तोंडात व्रण आहेत का, जिना चढताना धाप लागते का, हे प्रश्न विचारायलाच हवेत.

प्रत्येक पांढरा डाग जीव्हीएचडीचा नसतो. पुरळ बरे झाल्यावर राहणारा फिकेपणा पुरता पांढरा नसतो आणि हळूहळू भरून येतो. शिबं बुरशीमुळे येतात, खरवडल्यावर बारीक कोंडा निघतो आणि वूड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली पिवळसर चमकतात. कोडाचा डाग त्याच दिव्याखाली खडूसारखा लख्ख दिसतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते : रुग्णाचे डोळे मिटवून कापसाची वात चट्ट्यावर टेकवली तर त्याला कळत नाही. कोडात आणि जीव्हीएचडीच्या पांढऱ्या डागात स्पर्श कळतो. घरोघरी होणाऱ्या कुष्ठरोग शोधमोहिमेत आशा कार्यकर्ती अंगावरचे चट्टे पाहते, तेव्हा प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या डागाची नोंद वेगळी व्हावी आणि त्याला थेट त्याच्या केंद्राकडे पाठवले जावे.

उपचार केंद्राच्या सल्ल्यानेच चालतात. पुरळ थोडे असेल तर लावायची स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमसची मलमे देतात, जास्त असेल तर पोटातून स्टेरॉइड, त्याने भागले नाही तर रुक्सोलिटिनिबसारखी औषधे. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढून त्यांच्यावर प्रकाशाचा उपचार करणे हाही एक मार्ग आहे. कातडी आवळत असेल तर रोजचा व्यायाम औषधाइतकाच लागतो. अडचण होते ती घराजवळच्या सल्ल्यांची. बावचीचे तेल लावून उन्हात बसायला सांगणारे पुष्कळ असतात. बावचीत सोरालेन असते, त्याने कातडी उन्हाला फार हळवी होते, आणि प्रत्यारोपण झालेल्या त्वचेवर त्याने भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. दुसरा धोका गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांचा. स्टेरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. त्यांनी पुरळ दबते, आजार आत चालू राहतो आणि केंद्राकडे पोहोचायला उशीर होतो. यावर नजर ठेवताना महापालिकांनी अन्न व औषध प्रशासनाशी मिळून काम करणे गरजेचे आहे.

ऊन हा या सगळ्यांचा समान शत्रू आहे. ज्यांच्या कातडीत मेलॅनिन कमी, त्यांचे नैसर्गिक छत्र मुळातच फाटके असते. त्यात बुरशीवरचे व्होरिकोनाझोल दीर्घकाळ दिले तर त्वचा उन्हाने भाजते आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, छत्री आणि सनस्क्रीन हे आयुष्यभराचे पथ्य आहे. फॅन्कोनीच्या रुग्णांत तोंड, घसा आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका प्रत्यारोपणानंतर अधिकच वाढतो. त्यांच्या तोंडाची तपासणी ठरावीक अंतराने होत राहिली पाहिजे. अशा घरात मिश्री, तंबाखू आणि गुटखा रुग्णाच्या वाऱ्यालाही नको.

त्वचेची गुंतागुंत कातडीवर संपत नाही. प्रत्यारोपणातून वाचलेल्या मुलीच्या गालावर पांढरा डाग उमटला की आजाराची चौकशी बाजूला पडते आणि कोडाची कुजबुज सुरू होते. कोड स्पर्शाने पसरत नाही, ते कुष्ठरोग नव्हे. हेच सांगण्यासाठी पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. कोड असलेल्या तरुण डॉक्टरची गोष्ट सांगणारा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ साली आला. दरवर्षी २५ जूनला जागतिक कोड दिन असतो आणि ८ मेला जागतिक थॅलेसेमिया दिन. दोन्ही दिवसांचे कार्यक्रम एकमेकांना जोडून, दोन्ही आजारांच्या कुटुंबांना एकाच सभागृहात बसवणे ठाणे आणि कल्याणमध्ये सहज शक्य आहे.

आरोग्य विभागांकडून अपेक्षित असलेल्या गोष्टींना मोठा खर्च नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथील त्वचारोग आणि बालरोग विभागांत वूड्स लॅम्प असावा. नागरी आरोग्य केंद्रांतील आणि ‘आपला दवाखाना’मधील डॉक्टरांना सावळ्या त्वचेवरच्या जीव्हीएचडीचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, तेही सावळ्या त्वचेचीच छायाचित्रे दाखवून. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाजवळ एक कार्ड असावे. त्यावर केंद्राचा संपर्क, चालू औषधे आणि प्रत्यारोपणापूर्वीच्या त्वचेची छायाचित्रे असावीत. आधीचा रंग माहीत असल्याशिवाय नवा बदल कळत नाही. महापालिकेच्या शाळांना परिपत्रक काढावे, की अशा मुलाला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा गणवेश घालू द्यावा आणि त्याच्या डागामुळे त्याला वेगळे बसवू नये. उपनगरी गाडीतला दिव्यांग डबा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही असतो, ही माहिती दवाखान्यांच्या फलकांवर लावावी. सोबतीला कोणी असो वा नसो, तपासणीला निघालेल्या रुग्णाला त्या डब्यात जागा मिळायलाच हवी.

प्रत्यारोपणात दात्याची मज्जा रुजायला काही आठवडे लागतात, पण ती शरीरात गुण्यागोविंदाने नांदते की नाही हे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. पाहण्याची ती जागा म्हणजे त्वचा. घराजवळच्या डॉक्टरला ती वाचता आली, तर परळ-खारघरला मिळालेले आयुष्य ठाणे-डोंबिवलीत टिकेल.

कळावे.

डोंबिवलीतील एक नागरिक